लॅक्स्टनला जाऊन काहीच दिसलं नाही?

तुमचे प्रश्न दोन. पहिला: मुलाकडं नॉटिंगहॅमशायरला आलात, घरची शेती निफाडकडची, म्हणून मुलानं कौतुकानं लॅक्स्टन दाखवायला नेलं. मध्ययुगातली शेतीची पद्धत अजून जिवंत असलेलं गाव अशी त्याची ख्याती. अर्धा तास फिरलात तर एक चर्च, एक पब, विटांची घरं, चार ट्रॅक्टर आणि उघडी शेतं. यात वारसा कुठला, असं वाटून परत आलात. दुसरा: मुलाच्या घरामागच्या कुरणात जमिनीला लाटा आल्यासारखे लांबच लांब उंचवटे आहेत, ते काय?

दोन्हींचं उत्तर एकच आहे. पण आधी सांगतो, तुमची फसगत झाली तशी माझीही झाली होती. माझी पहिली काही वर्षं महाराष्ट्रात जमीन मोजणीत गेली आणि पुढची सगळी इथल्या जुन्या नकाशांच्या दप्तरात. लॅक्स्टनला मी पहिल्यांदा गेलो तो भर जुलैत. गहू कमरेएवढा उभा. मोजणीदाराची सवय, म्हणून डोळे आपोआप बांध शोधायला लागले. शेकडो एकरांचं एकच शेत, त्यात निरनिराळ्या लोकांचे पट्टे आहेत असं वाचून गेलेलो, आणि बांध एकही नाही. शेवटी ट्रॅक्टरवरच्या एका शेतकऱ्याला विचारलं, तुमची हद्द कुठं? त्यानं गव्हात बोट दाखवलं. मला गव्हाशिवाय काही दिसेना. तो म्हणाला, नांगराचं शेवटचं तास आहे ना, तीच हद्द.

बांधच नाही, तर बांध कोरणाऱ्याचं करायचं काय? लॅक्स्टनमध्ये जे बघायचं ते या प्रश्नाचं उत्तर आहे. ते उन्हाळ्यात दिसत नाही.

आता जरा मागं जाऊ. इंग्लंडच्या मधल्या पट्ट्यात, जिथं जमीन भारी आणि चिकण, तिथं साधारण हजार वर्षांपूर्वी एक पद्धत बसली. गावाभोवती दोन किंवा तीन प्रचंड शेतं, आत कुंपण नाही. प्रत्येक शेत पट्ट्यांत वाटलेलं, आणि एका कुटुंबाचे पट्टे एका जागी नसून सगळीकडं विखुरलेले. एक चढावर, एक ओलीत, एक गावालगत, एक पार शिवेला. चांगली-वाईट जमीन सगळ्यांच्या वाट्याला यावी हा हिशेब. तीन शेतांपैकी एकात गहू, दुसऱ्यात वसंतातली पेर, म्हणजे जव किंवा घेवड्यासारखी शेंग, आणि तिसरं पड. पुढच्या वर्षी पाळी फिरायची. पीक निघालं की त्या शेतात गावाची जनावरं सुटायची, मग पट्टा कुणाचाही असो. म्हणजे जमीन प्रत्येकाची वेगळी, पण पेरायचं काय, कापायचं कधी, जनावरं सोडायची कधी, हे गाव ठरवणार. एकट्यानं वेगळं पीक घ्यायची सोयच नाही.

लॅक्स्टनला अशी तीन शेतं अजून आहेत. वेस्ट फील्ड, साउथ फील्ड आणि मिल फील्ड. मिल फील्डमधली पवनचक्की गेली, नाव राहिलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पट्ट्यांची फेरमांडणी होऊन ते कमी पण मोठे झाले. तिन्ही शेतं मिळून आता पाचशे एकरांच्या आत भरतील. पण तीन वर्षांची पाळी आणि विखुरलेले पट्टे टिकले आहेत.

माझ्या दृष्टीनं गावाचा खरा ऐवज मात्र गावात नाहीच, ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. मार्क पिअर्स नावाच्या मोजणीदारानं १६३५ साली केलेला लॅक्स्टनचा नकाशा. त्यात प्रत्येक पट्टा काढलाय, आणि मोकळ्या जागेत नांगरणारी, पेरणारी, कापणी करणारी, हरणांमागं धावणारी चिमुकली माणसं. नकाशाबरोबर एक वही आहे: पट्टा कुठं, कुणाचा, कसतो कोण, क्षेत्र किती. आपला सातबाराच म्हणा की. क्षेत्र एकर, रूड आणि पर्चमध्ये. चाळीस पर्चचा एक रूड, चार रूडांचा एक एकर.

इथं जरा थांबा, कारण तुमचा गुंठा या हिशेबात बसलेला आहे. पर्च म्हणजे साडेसोळा फुटांची काठी, आणि क्षेत्रात त्या काठीचा चौरस. दोन काठ्या म्हणजे ३३ फूट. ३३ फूट गुणिले ३३ फूट म्हणजे १,०८९ चौरस फूट, म्हणजे एक गुंठा. चार पर्चचा बरोब्बर एक गुंठा होतो. इंग्रजांनी १८३५च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून दख्खनची नवी मोजणी सुरू केली, त्यातून बिघे आणि चाहूर मागं पडले आणि एकर-गुंठे आले. साखळी ३३ फुटांची, सोळा आण्यांची. आणि एकर मुळात काय? एका बैलजोतानं दिवसभरात नांगरायचा पट्टा. लांबी ६६० फूट, तिला फर्लाँग म्हणतात, म्हणजे नांगराच्या एका तासाची लांबी. रुंदी ६६ फूट. गुणाकार करा, ४३,५६० चौरस फूट. निफाडला तुम्ही ‘दोन एकर द्राक्षं’ म्हणता तेव्हा मोजमाप इंग्लंडातल्या बैलाच्या दमाचं असतं. ६६ फूट म्हणजे २२ यार्ड, क्रिकेटच्या खेळपट्टीची लांबी. मोजणीच्या शिकाऊ पोरांना मी हेच सांगायचो: एकर म्हणजे एक खेळपट्टी रुंद, दहा खेळपट्ट्या लांब. विसरत नाहीत.

त्याच नकाशाची आणखी एक गोष्ट, विषयाला थोडी सोडून आहे पण गाळवत नाही. नकाशा करवून घेतला तो सर विल्यम कोर्टीन या लंडनच्या व्यापाऱ्यानं. गाव त्यानं विकत घेतलं होतं, आणि घेतलेला माल किती भरतो हे त्याला बघायचं होतं. त्याच १६३५च्या डिसेंबरात राजा पहिला चार्ल्स यानं कोर्टीनच्या मंडळीला पूर्वेकडच्या व्यापाराचा परवाना दिला, ईस्ट इंडिया कंपनीच्या नाकावर टिच्चून. पुढच्या वर्षी कॅप्टन वेडेलची जहाजं निघाली ती गोव्याला आली, तिथून खाली भटकळला. कारवारला त्यांनी वखारही घातली. जहाजं गोव्याला पोचण्याआधीच कोर्टीन वारला होता. मुलाच्या हातून धंदा बुडाला आणि लॅक्स्टन पुढं पिअरपॉन्ट घराण्याकडं गेलं, तेच नंतरचे अर्ल मॅनव्हर्स. म्हणजे नकाशातल्या त्या पट्ट्यांचा धनी एका हातानं लॅक्स्टनचे पर्च मोजवत होता आणि दुसऱ्या हातानं आपल्या किनाऱ्यावरच्या मिरीचा भाव काढत होता.

मग सगळीकडची ही शेतं गेली कुठं? एन्क्लोजर. मराठीत कुंपणबंदी म्हणता येईल. विखुरलेले पट्टे गोळा करायचे, प्रत्येकाला सलग तुकडा द्यायचा, भोवती काटेरी कुंपण लावायचं. तुम्ही म्हणाल, हे तर आपलं एकत्रीकरण. १९४७च्या तुकडेबंदी-एकत्रीकरणाच्या कायद्यानं आपल्याकडं गट पडले ते याच विचारानं, खरं आहे. पण इथं कुंपणात गावाची चराईही गेली. ज्याचा दोन-चार पट्ट्यांवर आणि गाईच्या चरायच्या हक्कावर संसार, त्याला मिळालेला तुकडा कुंपणाच्या खर्चालाही पुरायचा नाही. तो विकून मजुरीला लागायचा, नाहीतर शहरात जायचा. १६०४पासून तीनशे वर्षांत संसदेनं असे ५,२००च्या वर कायदे केले, ६८ लाख एकरांना कुंपण पडलं. गावागावासाठी वेगळा कायदा व्हायचा, आणि तो मागायचे कोण, तर ज्यांची जमीन जास्त तेच.

लॅक्स्टन यातून वाचलं ते काही गावकऱ्यांच्या शहाणपणानं नाही. जमीन मुख्यतः मॅनव्हर्स घराण्याची, पण थोडी स्कार्बरोच्या अर्लची, आणि दोघांचं जमेना. भाऊबंदकीत वाडा पडतो हे आपण बघतो, इथं दोन सरदारांच्या न जमण्यानं गाव टिकलं. नंतर शेतीच्या मंदीत खर्च कोण करणार म्हणून राहिलं, आणि विसाव्या शतकात लोकांच्या लक्षात आलं की हे आता दुर्मिळ झालंय. १९५२ साली मॅनव्हर्सनी गाव शेती मंत्रालयाला विकलं, पद्धत टिकवावी या हेतूनं. १९८१ला ते राजगादीच्या जमिनी सांभाळणाऱ्या क्राउन इस्टेटकडं गेलं, आणि २०२०मध्ये थोर्सबी इस्टेटनं, म्हणजे मॅनव्हर्सच्याच वारसांच्या जहागिरीनं, परत घेतलं.

‘युरोपातलं शेवटचं’ असं मुलानं सांगितलं असेल तर त्यात थोडी दुरुस्ती. पट्ट्यांची उघडी शेतं इंग्लंडात आणखीही आहेत. डेव्हनमध्ये ब्राँटनचं मोठं शेत आहे, लिंकनशायरमध्ये ॲक्झहोमच्या बाजूला पट्टे दिसतात. लॅक्स्टनचं वेगळेपण पट्ट्यांत नाही, ते पट्टे सांभाळणाऱ्या पंचायतीत आहे.

तिला कोर्ट लीट म्हणतात. पूर्वी जवळजवळ प्रत्येक जहागिरीत असायची. १९७७च्या कायद्यानं अशा जुन्या न्यायसभांचे अधिकार काढून घेतले, पण लॅक्स्टनला त्यातून वगळलं. त्यामुळं तिचा निवाडा आजही नुसता देखावा नाही.

आता तो दिवस. नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा, गुरुवार. ज्या शेतात त्या वर्षी गहू पेरलाय तिथं ज्युरी पाहणीला निघते. ज्युरी म्हणजे गावातलेच शेतकरी. मी गेलो तेव्हा आदल्या रात्री पाऊस होऊन गेलेला. ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीत दहा-बारा माणसं उभी, गमबूट, टोप्या, पायाशी लाकडी खुंट्यांचा भारा आणि एक मोठी मोगरी. गहू बोटभर उगवलेला, म्हणून प्रत्येकाच्या पेरणीची कड स्वच्छ दिसत होती. जुलैत जे मला दिसलं नव्हतं ते आता आंधळ्यालाही दिसलं असतं. एका पट्ट्याच्या टोकाला ट्रॉली थांबली. दोघं उतरले. एकजण पट्ट्याच्या या टोकाला उभा राहिला, एक डोळा मिटून पार पलीकडच्या खुणेवर नजर लावली. मग हात डावीकडं, अजून डावीकडं, बस. दुसऱ्यानं खुंटी धरली, तिसऱ्यानं मोगरी घातली. खुंटी जिथं रोवली तिथून गव्हाची ओळ वीतभर पलीकडं, गवती रस्त्यात घुसलेली. कुणी काही बोललं नाही. एकानं खिशातून वही काढून लिहून घेतलं. ज्याचा पट्टा तो ट्रॉलीतच उभा होता, त्यानं नुसती टोपी खाली ओढली.

पाहणीनंतर जेवण डव्हकोट इनमध्ये. तुम्हाला दिसलेला पब तो हाच. कोर्ट लीट पुढच्या आठवड्यात तिथंच बसते. जहागिरीचा कारभारी म्हणून एक वकील अध्यक्ष असतो. ज्यांनी रस्त्यात किंवा गवतात नांगर घातला त्यांची नावं वाचली जातात, दंड होतो. रक्कम चहापाण्याची. पण शेजाऱ्यांसमोर नाव वाचलं जातं, तो दंड मोठा. मग पुढच्या वर्षीच्या शेतासाठी नवी ज्युरी शपथ घेते. आज दंड भरणारा पुढच्या खेपेला मोगरी धरणारा असू शकतो. आपल्याकडं धुऱ्याच्या वादात दोन पिढ्या तालुक्याच्या कोर्टात झिजलेल्या मी बघितल्या आहेत, मोजणीला गेलो की दोन्हीकडची माणसं काठ्या घेऊन उभी असायची. म्हणून असेल कदाचित, पण त्या दिवशी मला चर्च-किल्ला काही बघावासा वाटला नाही.

ते गवत म्हणजे काय तेही सांगतो. शेतांच्या सखल, पाणथळ भागात नांगर चालत नाही, तिथं गवताचे पट्टे राखलेले आहेत. त्यांना सायक म्हणतात. दर उन्हाळ्यात त्या गवताचा लिलाव होतो आणि पैसे गावातल्या जुन्या हक्कदारांत वाटले जातात. शतकानुशतकं नांगर न लागल्यानं तिथं रानफुलं अशी टिकली आहेत की सायकना निसर्गासाठी कायद्याचं संरक्षण आहे. तुम्ही जूनमध्ये गेला असलात तर बहुतेक त्या फुलांशेजारून चालत गेलात.

गावात परत गेलात तर घरांकडे एकदा नीट बघा. शेतकऱ्यांची घरं गावात रस्त्याला लागून आहेत, अरुंद बाजू रस्त्याकडं, दार आत अंगणात, मागं कोठारं आणि लांबट परसू. तुम्हाला यात नवल वाटणार नाही, आपली गावठाणं अशीच. पण इंग्लंडात बाकी ठिकाणी मोठी शेतघरं शेताच्या मधोमध एकटी दिसतात, कारण कुंपणबंदीनंतर जमीन सलग झाली आणि शेतकरी वस्तीवर राहायला गेला. लॅक्स्टनमध्ये पट्टे चहूकडं, मग राहायचं मध्यावर, म्हणजे गावात. घर कुठं आहे यावरून जमिनीचा इतिहास कळतो तो असा.

चर्च सेंट मायकेलचं. १८६०च्या आसपास दुरुस्ती करताना ते आखूड केलं गेलं. आत एव्हरिंगहॅम घराण्यातल्या एका बाईची ओक लाकडात कोरलेली चौदाव्या शतकातली निजलेली मूर्ती आहे, तेवढी चुकवू नका. शेजारी नवरा आणि त्याची आणखी एक बायको दगडात, ही एकटी लाकडात. नॉटिंगहॅमशायरमध्ये अशी दुसरी नाही. गावाच्या उत्तरेला किल्ला आहे. किल्ला म्हटल्यावर राजगड डोळ्यांसमोर आणू नका, मातीचा प्रचंड ढीग आणि भोवती खंदक एवढंच. बाराव्या शतकात शेरवुडच्या राजवनाचे रखवालदार इथं राहायचे. वर चढलात तर वारा मात्र छान लागतो.

आता घरामागच्या लाटा. त्या जुन्या उघड्या शेताच्या खुणा आहेत. जुना नांगर माती एकाच बाजूला टाकायचा. पट्ट्याभोवती फिरत नांगरलं की माती दरवर्षी मध्याकडं सरकायची, मध्ये वरंबा, दोन्ही कडांना चर. चिकण जमिनीत पाण्याचा निचरा व्हायला ते सोयीचं, म्हणून मुद्दाम राखायचे. कुंपणबंदीनंतर त्या जमिनीत मेंढरं सोडली, गवत वाढलं, आणि वरंबे गवताखाली तसेच राहिले. पुढं ज्यांनी पुन्हा नांगर घातला त्यांच्याकडं ते गेले. म्हणजे तुमच्या मुलाच्या कुरणात दोन-अडीचशे वर्षं तरी फारसा नांगर लागलेला नाही.

वरंबे रुंद आहेत आणि टोकाला किंचित वळतात का, बघा. वळत असतील तर ते बैलांच्या काळातले. आठ बैलांचं लांब जोत शेताच्या कडेला वळवायला जागा लागते, म्हणून नांगऱ्या आधीपासूनच वळण घ्यायला लागायचा, आणि ते वळण जमिनीत उमटून राहिलं. सरळसोट आणि अरुंद असतील तर एकोणिसाव्या शतकातलं काम समजा. बघायची वेळ संध्याकाळी सूर्य उतरल्यावर. भर दुपारी नुसतं गवत दिसतं.

ते कुरण पूर्वी कुणाचं होतं हे काढायचं तर नॉटिंगहॅमच्या जिल्हा दप्तरखान्यात गावाचं नाव सांगून दोन गोष्टी मागा: एन्क्लोजरचा निवाडा आणि टाइद नकाशा. दुसरा १८३६च्या कायद्यानंतरचा, चर्चच्या दशमांश कराची रोख रकमेत बदली करण्यासाठी केलेला, त्यात बहुधा प्रत्येक शेताचा नंबर, नाव, मालक, कसणारा आणि क्षेत्र. मात्र सगळ्या गावांचे नसतात. कुंपणबंदीतच कर मिटला असेल तर तो नकाशा होतच नाही, तेव्हा मिळाला नाही तर तेही एक उत्तरच आहे. शेतांची नावं वाचा. त्यात पूर्वीच्या उघड्या शेताचं नाव लपलेलं सापडतं.

आणि तुमचा परतीचा महिना नोव्हेंबरनंतरचा असेल तर लॅक्स्टनला एकदा पुन्हा जा. पाहणीचा गुरुवार आधी पबमध्ये फोन करून पक्का करा. गमबूट घ्या, तिथली चिकणमाती बुटासकट पाय ओढते. त्या लोकांना सांगा की तुम्ही शेतकरी आहात आणि तुमच्याकडं जमीन एकर-गुंठ्यात मोजतात. गुंठा म्हणजे चार पर्च, हे सांगितलंत की ट्रॉलीत जागा मिळेल.